डिचोलीत शूटिंग

पुलाच्या जागी त्यांनी प्लायवूडचा पूल उभा केलाय,
मूळ पुलापेक्षा हातभर रुंद,
कॅमेऱ्याला दोन्ही मुलं एका चौकटीत हवीत म्हणून.
मला खुर्ची दिली, लिंबूसोडा दिला.
दिग्दर्शिका, माझ्या नातीच्या वयाची, विचारते,
काका, एकसष्टच्या त्या पहाटे तुम्ही नेमके कुठे होता?

झोपलो होतो.

ती हसते. पटकथेत मी जागा आहे,
खिडकीशी, हातात कंदील, डोळ्यांत काहीतरी.
माझ्या डोळ्यांत चिपडं होती, बाई.
सोळाव्या वर्षी कोण उठतं पहाटे पाचला
परीक्षा असल्याशिवाय?

परीक्षा होतीच, सेगुंद ग्रावची.
आव्रेलियन कठड्यावर पाय हलवत बसायचा
आणि माझ्याकडून क्रियापदं घोटून घ्यायचा.
फालारेय, फालाराश, फालारा.
मी बोलेन, तू बोलशील, तो बोलेल.
त्याच्या भविष्यकाळाच्या बदल्यात मी त्याला
भूमितीतली प्रमेयं द्यायचो.
खाली पाखले शिपाई पेट्या वाहत होते.
आम्हाला वाटलं, पुलाला रंग देतायत.
तो म्हणाला, हिरवा दिला तर बरा.

रविवारी तिन्हीसांजेला त्याच्या मागच्या चाकाची हवा गेली.
माझा पंप काढून घेतला त्यानं, शर्टात खोचला,
आणि पलीकडे जाता जाता ओरडला,
फाल्यां हाडटां रे!
उद्या आणतो.

आवाज कसा होता, काका?
माळ्यावरून फळी पडावी तसा.
आई झोपेतच म्हणाली, मांजर बघ.
मी बघितलं. मांजर माझ्या पायाशीच होती,
कान मागे टाकून.
मग पोदेराच्या काठीची घुंगरं वाजली नाहीत.
त्या सकाळी सगळ्या डिचोलीला कळलं
की पाव पलीकडच्या काठावर भाजतात.

सैनिक आले ते चिखलात माखून.
त्यातला एक माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठा असेल,
टाचेला हा एवढा फोड.
मी खोबरेल नेऊन दिलं. त्यानं वय विचारलं.
अठारह, मी म्हणालो,
आयुष्यातलं माझं पहिलं हिंदी वाक्य, आणि तेही खोटं.
तो माझ्या मिसरुडाकडे बघून काही बोलला नाही.

दिग्दर्शिका लिहून घेते. खोबरेल तिला आवडलं.
पुढे? पुढे तुम्ही नदीकाठी धावलात,
मित्राला हाक मारलीत, तो पलीकडून...

नाही.

नदीला गुडघाभर पाणी होतं त्या डिसेंबरात.
बायका कपडे डोक्यावर घेऊन जात-येत होत्या.
पोदेरसुद्धा तिसऱ्या दिवशी टोपली उचलून आला.
मी काठापर्यंत तीनदा गेलो,
चप्पल काढली, परत घातली.
आव्रेलियनचा बाप जकात नाक्यावर कारकून होता
आणि चवाठ्यावर माणसं त्याचं नाव थुंकून घेत होती.
मीही त्यांच्यात उभा होतो, झेंडा हातात,
खराखुरा आनंदात. तेही खोटं नव्हतं.
नाताळ झाला. मग त्यांच्या दाराला कुलूप दिसलं.
सायकल माझी उन्हाळ्यापर्यंत
भिंतीला टेकून होती, रिमवर.
आणि माझ्या तोंडात एका भाषेचा पूर्ण भविष्यकाळ,
जो आता कुणी विचारणार नव्हतं.

शिट्टी. शांतता. क्लॅप. टेक सात.
चिकटवलेल्या मिशीचा मुलगा
प्लायवूडच्या तुटक्या टोकाशी धावत येतो,
आव्रेलियन! अशी हाक मारतो
की चहावाला पोरगा किटली खाली ठेवतो.
छान मारतो. माझ्याहून फारच छान.
मला घशाशी काही अडकल्यासारखं होतं,
सोड्यातला गॅस असावा.

ब्रेकमध्ये सामानवाला सायकल पुसत येतो,
जुनी, रॅले, कुठूनशी शोधलेली,
दांड्याला पंप लावलेला, पितळी, चकचकीत.
काका, बघा, सगळं बरोबर आहे ना?

सगळं बरोबर आहे, मी म्हणतो.
पंप तेवढा काढा.